विषाणूंची मोजदाद : ‘ब’ काविळीच्या एका आकड्याचा इतिहास

१/
सातारा-सांगलीकडे जयंती असो, पुण्यतिथी असो वा गणेशोत्सव, रक्तदान शिबिर ठरलेलेच. शिबिरानंतर काही दिवसांनी एखाद्या दात्याला रक्तपेढीचा निरोप येतो : रक्तात हिपॅटायटिस ‘ब’ आढळला, डॉक्टरांना भेटा. दाता धडधाकट असतो, डोळे पांढरेशुभ्र असतात, भूकही उत्तम असते. डॉक्टर त्याला आणखी एक तपासणी लिहून देतात : व्हायरल लोड, म्हणजेच विषाणूभार. अहवालात आकडा येतो. कुणाचा तीनशे, कुणाचा तीन कोटी. हा आकडा कुठून आला आणि तो मोजायला माणसाला किती काळ लागला, याचा हा धागा. #इतिहास #आरोग्य

२/
आरंभ शब्दापासून करू. ‘कावीळ’ हा शब्द संस्कृत ‘कामला’पासून आला. डोळे, त्वचा आणि लघवी पिवळी होणे हे त्याचे लक्षण आयुर्वेदाने प्राचीन काळीच नोंदवले होते. मात्र हा एका रोगाचा शब्द नव्हे, एका रंगाचा आहे. दूषित पाण्यातून येणारी ‘अ’ आणि ‘ई’ कावीळ, रक्तातून येणारी ‘ब’ आणि ‘क’, पित्तनलिकेत अडकलेला खडा, दारूने झिजलेले यकृत, या सर्वांचा रंग एकच. रंग एक म्हणून रोगही एक, असे मानले गेले आणि पुढचा सारा घोटाळा तेथूनच सुरू झाला.

३/
कृष्णाकाठी पूर ओसरला की काविळीची धास्ती सुरू होते. ती बहुधा पाण्यातून येणारी. मग गळ्यात माळ घालणे, चुन्याच्या निवळीत हात धुणे, हातावर डाग देणे आणि आहारातून हळद वर्ज्य करणे हे उपाय येतात. तेही हळदीच्या पेठेसाठी देशभर नाव असलेल्या सांगलीच्या मुलखात! ‘अ’ आणि ‘ई’ कावीळ बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपसूक ओसरते. माळ लांबत जाते, रोग उतरत जातो आणि श्रेय माळेला मिळते. ‘ब’ कावीळ या हिशेबात बसत नाही. ती अनेकदा रंग न दाखवताच दशकानुदशके यकृतात राहते.

४/
आज सांगली म्हणतो तो भाग एकेकाळी बराचसा सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ पासून होते. १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. पण मिरज असो वा लंडन, त्या काळच्या डॉक्टरांपुढची साधने सारखीच होती. डोळे पाहायचे, लघवी तपासायची, बरगडीखाली हात घालून यकृत चाचपायचे. काविळीमागे विषाणू आहे काय, आणि असल्यास कोणता, हे सांगणारी तपासणी जगात कोठेच नव्हती.

५/
रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा पहिला ठळक पुरावा १८८३ चा, जर्मनीतील ब्रेमेन शहरातला. जहाज कारखान्यातील १२८९ कामगारांना देवीची लस टोचली गेली. ती मानवी लसिकेपासून केलेली होती. पुढील काही महिन्यांत त्यांपैकी १९१ जणांना कावीळ झाली. वेगळ्या लसिकेने टोचलेले कामगार मात्र सुखरूप राहिले. ल्युरमन नावाच्या डॉक्टरने ही नोंद केली. आपल्याकडेही मुंबई इलाख्यात १८०२ पासून देवीची लस एका हातावरून दुसऱ्या हातावर नेली जात असे. देवीपासून वाचवणाऱ्या त्याच वाटेने दुसरा रोग प्रवास करू शकतो, हे ब्रेमेनने दाखवले.

६/
दुसरा पुरावा फार मोठा होता. १९४२ मध्ये अमेरिकी सैनिकांना पीतज्वराची लस देण्यात आली. लस टिकावी म्हणून तिच्यात मानवी रक्तद्रव मिसळला होता. सुमारे ५० हजार सैनिक काविळीने रुग्णालयात पोहोचले. चार दशकांनंतर त्या सैनिकांचे रक्त पुन्हा तपासले, तेव्हा संसर्ग झालेल्यांची संख्या तब्बल ३ लाख ३० हजारांच्या घरात असावी असे निघाले. म्हणजे पिवळा रंग दिसला तो सहा-सात जणांतील एकाला. इतरांच्या अंगात विषाणू आला आणि कोणाला कळलेही नाही. ‘ब’ काविळीचा स्वभाव या एका हिशेबात उघड होतो.

७/
१९४७ मध्ये ब्रिटिश संशोधक मॅकॅलम यांनी दोन काविळींना दोन नावे दिली : अन्नपाण्यातून येणारी ‘अ’ आणि रक्तातून येणारी ‘ब’. नावे मिळाली, पण नाव धारण करणारा जीव कोणी पाहिलेला नव्हता. रक्तपेढीत बाटली समोर ठेवली तर ती सुरक्षित की घातक, हे ओळखण्याचा मार्ग नव्हता. रुग्णाला रक्त चढवायचे आणि दोन-तीन महिने वाट पाहायची, एवढेच हाती होते. शस्त्रक्रिया यशस्वी होई आणि रुग्ण पुढे काविळीने दगावे.

८/
उत्तर आले ते भलत्याच वाटेने. बारूख ब्लमबर्ग हे अमेरिकी शास्त्रज्ञ काविळीचा शोध घेतच नव्हते. माणसामाणसांत रक्तातील प्रथिने कशी बदलतात, याचा ते अभ्यास करत होते. १९६३ मध्ये, अनेकदा रक्त घेतलेल्या न्यूयॉर्कच्या एका हिमोफिलिया रुग्णाच्या रक्तद्रवाची ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तद्रवाशी प्रतिक्रिया झाली आणि जेलवर एक रेघ उमटली. त्या अनोळखी पदार्थाला नाव पडले ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’. हा काय आहे, हे कळायला आणखी चार वर्षे जावी लागली.

९/
त्यांच्या एका रुग्णाच्या रक्तात आधी हा प्रतिजन नव्हता, नंतर तो सापडला. मधल्या काळात त्याला यकृताचा दाह झाला होता. १९६७ मध्ये प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ बार्बरा वर्नर आजारी पडल्या. त्यांनी स्वतःचेच रक्त तपासले आणि ती रेघ उमटली. पाठोपाठ त्यांना कावीळ झाली. त्याच सुमारास जपानमध्ये ओकोची आणि अमेरिकेत प्रिन्स यांनीही हा प्रतिजन आणि रक्तातून येणारी कावीळ यांची सांगड घातली. १९७६ चे नोबेल ब्लमबर्ग यांना मिळाले. आज रक्तपेढी ज्या ‘एचबीएसएजी’ची तपासणी करते, तो हाच ऑस्ट्रेलिया प्रतिजन.

१०/
येथवर ‘आहे की नाही?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले. ‘किती आहे?’ हा प्रश्न तसाच राहिला. १९७० मध्ये लंडनच्या डेन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ४२ नॅनोमीटर व्यासाचा पूर्ण विषाणू पाहिला. त्याच्या अवतीभवती छोट्या गोळ्या आणि नळ्या मोठ्या संख्येने होत्या. ती होती रिकामी आवरणे. आत जनुकद्रव्य नाही, म्हणून संसर्गाची शक्तीही नाही. एका खऱ्या विषाणूमागे अशी आवरणे हजारांनी असू शकतात. रक्तपेढीची तपासणी ओळखते ती हे आवरण. त्यावरून विषाणू अंगात आहे एवढे कळते, त्याची संख्या कळत नाही.

११/
१९७२ मध्ये स्वीडनमध्ये मॅग्नियस आणि एस्पमार्क यांना दुसरा एक प्रतिजन सापडला. त्याला ‘ई’ प्रतिजन म्हणतात (पाण्यातून येणाऱ्या ‘ई’ काविळीशी त्याचे नाते नाही). हा प्रतिजन ज्यांच्या रक्तात होता, त्यांच्याकडून संसर्ग अधिक होई. आईकडून बाळाला होणाऱ्या संसर्गात तर हा फरक फारच ठळक होता. प्रथमच डॉक्टरांना ‘विषाणू जोमात आहे’ असे अप्रत्यक्षपणे सांगता येऊ लागले. आकडा अजून नव्हता. होती ती केवळ खूण.

१२/
मग संख्या कशी काढत? पद्धत साधी आणि क्रूर होती. रक्तद्रव दहापट पातळ करायचा, पुन्हा दहापट, पुन्हा दहापट आणि प्रत्येक पायरी चिंपांझीला टोचून पाहायचे. १९७७ मध्ये जपानच्या शिकाता यांनी दाखवले की ‘ई’ प्रतिजन असलेला रक्तद्रव दहा कोटीपट पातळ केला तरी संसर्ग घडवू शकतो. डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंशही पुरेसा का ठरतो आणि एकच सुई दोघांना वापरणे घातक का, हे या प्रयोगाने निर्विवाद झाले. विषाणूभाराचे पहिले मोजमाप असे प्राण्यांच्या देहावर झाले.

१३/
तैवानमध्ये दुसरी मोजणी चालू होती, ती परिणामांची. बीस्ली आणि सहकाऱ्यांनी २२,७०७ पुरुष सरकारी कर्मचाऱ्यांवर अनेक वर्षे लक्ष ठेवले. १९८१ मध्ये त्यांनी जाहीर केले की रक्तात पृष्ठप्रतिजन असलेल्यांना यकृताचा कर्करोग होण्याचे प्रमाण इतरांच्या २२३ पट आहे. एवढा मोठा फरक रोगशास्त्रात क्वचितच दिसतो. तरीही त्याच वाहकांपैकी बहुसंख्य लोकांना कर्करोग झाला नाही. मग कोणाला होणार आणि कोणाला नाही? ‘आहे-नाही’च्या तपासणीकडे याचे उत्तर नव्हते. येथून आकड्याची गरज तीव्र झाली.

१४/
१९७९ मध्ये या विषाणूच्या जनुकद्रव्याची पूर्ण अक्षरमाला वाचली गेली : जेमतेम ३,२०० अक्षरे. माणसाला छळणाऱ्या विषाणूंत इतका आटोपशीर ग्रंथ विरळाच. अक्षरे ठाऊक झाल्यावर त्यांना जुळणारा धागा तयार करून रक्तातील विषाणूचा डीएनए पकडता येऊ लागला. याला संकरण चाचणी म्हणतात. मात्र तिची दृष्टी अधू होती. एक मिलिलिटर रक्तद्रवात साधारण लाखभर विषाणू असल्याखेरीज तिला काहीच दिसत नसे. हा ‘लाख’ लक्षात ठेवावा. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

१५/
१९८३ मध्ये कॅलिफोर्नियात कॅरी मलिस यांना पीसीआरची कल्पना सुचली. डीएनएचा ठरावीक तुकडा तापवून उलगडायचा, प्रत्येक बाजूची नक्कल करायची, पुन्हा तापवायचे. दर फेरीत दुप्पट. तीस फेऱ्यांत एका तुकड्याचे शंभर कोटींहून अधिक तुकडे होतात. उकळत्या उष्णतेतही न मोडणारे विकर यासाठी हवे होते. ते अमेरिकेतील यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांत सापडलेल्या एका जिवाणूकडून मिळाले. मलिस यांना १९९३ चे नोबेल मिळाले. आता एका थेंबात मोजके विषाणू असले तरी ते लपू शकत नव्हते.

१६/
पण दुपटीने वाढवलेल्या ढिगावरून मूळ संख्या कशी कळावी? सावकाराच्या चक्रवाढीचा हिशेब आठवावा. कर्ज दर हप्त्याला दुप्पट होते आणि लाखाचा टप्पा कितव्या हप्त्याला ओलांडला हे माहीत असेल, तर मुद्दल उलटे काढता येते. मुद्दल मोठे असेल तर टप्पा लवकर येतो, लहान असेल तर उशिरा. १९९० च्या दशकात आलेली ‘रिअल-टाइम पीसीआर’ हेच करते. प्रत्येक फेरीत प्रकाश किती वाढला हे पाहते, टप्पा कोणत्या फेरीत ओलांडला हे नोंदवते आणि मुद्दल, म्हणजे रक्तातील विषाणूभार, सांगते.

१७/
तरी गोंधळ संपला नाही. एक प्रयोगशाळा पिकोग्रॅममध्ये उत्तर देई, दुसरी ‘कॉपीज’मध्ये, तिसरीची कॉपी चौथीशी जुळत नसे. मेट्रिक वजने येण्यापूर्वी बाजारा-बाजारातला मण वेगळा भरत असे, तशी ही अवस्था होती. १९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक प्रमाण नमुना निश्चित केला आणि त्याला मिलिलिटरमागे दहा लाख ‘आंतरराष्ट्रीय एकके’ असे मूल्य दिले. जगभरच्या चाचण्या त्याच्याशी ताडून पाहिल्या जाऊ लागल्या. एक एकक म्हणजे ढोबळमानाने पाच कॉपीज. जुना अहवाल नव्याशी ताडताना आधी एकक पाहावे, ते यामुळेच. अन्यथा भार पाचपट घटल्याचा वा वाढल्याचा भास होतो.

१८/
याच काळात ‘ई’ प्रतिजनाच्या खुणेवरचा विश्वास डळमळला. १९८९ मध्ये भूमध्य समुद्रालगतच्या देशांतील काही रुग्णांत एक कोडे सुटले. त्यांच्या रक्तात ‘ई’ प्रतिजन नव्हता, तरी यकृत जळत होते. विषाणूच्या जनुकात एकाच अक्षराचा बदल झाला होता. त्यामुळे ‘ई’ प्रतिजन तयार होणे थांबले होते, विषाणूची वाढ मात्र चालूच होती. खूण पुसली गेली होती, चोर घरातच होता. पश्चिम भारतात आढळणाऱ्या ‘डी’ जनुकप्रकारात हा बदल सहज घडतो. म्हणून आपल्याकडे ‘ई’ प्रतिजन नाही एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. अशा रुग्णांत विषाणूचे खरे बळ कळते ते विषाणूभारावरूनच.

१९/
या बदलाचे भयंकर रूप २००९ मध्ये शेजारच्या गुजरातेत दिसले. साबरकांठा जिल्ह्यातील मोडासा परिसरात ‘ब’ काविळीची मोठी साथ आली आणि अनेकांचा मृत्यू झाला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. नीट निर्जंतुक न केलेल्या सिरिंजा आणि जनुकबदल झालेले विषाणू या दोन्हींचा संबंध त्यांनी दाखवला. १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेल्या या संस्थेने भारतातील काविळींचा दीर्घ अभ्यास केला आहे. ब्रेमेनपासून मोडासापर्यंत सव्वाशे वर्षे लोटली. वाट मात्र तीच राहिली, एका देहातून दुसऱ्या देहात जाणारी सुई.

२०/
कर्करोग कोणाला होतो, या प्रश्नाकडे आता परत येऊ. तैवानमध्ये १९९१-९२ पासून साठवलेल्या रक्तनमुन्यांत पुढे विषाणूभार मोजला गेला. ३,६५३ वाहकांचा सरासरी ११ वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतला. २००६ चा निष्कर्ष स्पष्ट होता : आरंभी ३०० हून कमी कॉपीज असलेल्यांत यकृताचा कर्करोग १.३ टक्के, दहा लाख वा अधिक असलेल्यांत १४.९ टक्के. दहा हजार कॉपीजपासूनच धोका चढू लागलेला दिसला. वर्षानुवर्षे शांतपणे फिरणारा विषाणूच पुढे घात करतो, हे आकड्याने दाखवून दिले.

२१/
या निष्कर्षाने एका जुन्या रेषेवर प्रश्नचिन्ह लावले. उपचार कधी सुरू करावेत, यासाठी पूर्वी एक लाख कॉपीज, म्हणजे सुमारे २०,००० एकके, ही सीमा धरली जाई. ती यकृताने आखलेली नव्हती. जुन्या संकरण चाचणीला जे दिसे त्याच्या जवळपासच ती आखली गेली होती. म्हणजे उपकरणाच्या दृष्टीची मर्यादा हीच रोगाची सीमा मानली गेली. २०१५ च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांतही २०,००० हाच आकडा होता. २०२४ मध्ये यकृतदाह दर्शवणारे एएलटी वाढलेले असल्यास तो २,००० वर आणला गेला. काल ‘औषध नको’ असे सांगितलेल्या रुग्णाने पुन्हा डॉक्टरांकडे जावे, ते याकरिता.

२२/
औषधांचा इतिहास सांगलीला एका दुसऱ्या लढ्याशी जोडतो. १९९० च्या दशकात एचआयव्हीने या जिल्ह्याला ग्रासले. १९९२ मध्ये येथे ‘संग्राम’ संस्था उभी राहिली आणि १९९६ मध्ये देहविक्री करणाऱ्या स्त्रियांची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’. रोगाशी लढताना कलंकाशीही लढावे लागते, हे या स्त्रियांनी दाखवले. एचआयव्हीसाठी शोधलेली लॅमिव्ह्युडिन आणि टेनोफोव्हिर ही औषधे ‘ब’ विषाणूलाही रोखतात. लॅमिव्ह्युडिनला विषाणू लवकर सरावला. टेनोफोव्हिरपुढे तो आजवर क्वचितच टिकला आहे. ज्यांना दोन्ही संसर्ग आहेत त्यांनी गोळ्या मनाने थांबवल्या, तर यकृतदाह एकाएकी उसळू शकतो.

२३/
आता अहवाल कसा वाचावा? हा आकडा पायऱ्यांनी चढतो आणि प्रत्येक पायरी दहापट असते. दोन कोटींवरून वीस लाख म्हणजे एकच पायरी उतरली; आठशेवरून सहाशे म्हणजे जवळपास काहीच बदलले नाही. ‘आढळला नाही’ याचा अर्थ रोग समूळ गेला असा नव्हे. यकृताच्या पेशींच्या केंद्रकात विषाणूच्या जनुकाचा एक टिकाऊ साचा उरतो आणि औषध थांबले की त्यावरून पुन्हा प्रती निघू शकतात. तसेच एका अहवालाला फारसा अर्थ नसतो. काही महिन्यांच्या अंतराने केलेले दोन-तीन अहवाल एकत्र पाहिले की दिशा कळते.

२४/
आकडा म्हणजे निकालपत्र नव्हे. विशीतल्या तरुणाचा विषाणूभार कोट्यवधी असेल, पण एएलटी आणि यकृत उत्तम असेल, तर डॉक्टर त्याला केवळ नियमित तपासणीवर ठेवू शकतात. उलट पन्नाशीच्या गृहस्थाचा आकडा हजाराच्या आत असेल, पण सिरोसिस झाला असेल, तर त्याला औषध लागते. म्हणून विषाणूभार, एएलटी, यकृताचा कडकपणा, वय आणि कुटुंबातील कर्करोगाचा इतिहास हे सारे एकत्र वाचावे लागते. नुसता आकडा पाहून स्वतःच घाबरणे किंवा स्वतःच निश्चिंत होणे, दोन्ही चुकीचे.

२५/
एका प्रसंगी मात्र आकड्याला विशेष तातडी असते : गर्भारपण. जन्मावेळी संसर्ग झालेल्या बाळांपैकी सुमारे नव्वद टक्क्यांत तो कायमचा राहतो. निरोगी प्रौढांत हे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी असते. आईचा विषाणूभार दोन लाख एकके वा अधिक असेल, तर गर्भारपणातच टेनोफोव्हिर सुरू करून बाळाचा धोका मोठ्या प्रमाणात टाळता येतो. त्याच्या जोडीला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लसीचा पहिला डोस हवा. या लढाईत सर्वांत स्वस्त शस्त्र हेच आहे आणि त्याची मुदत केवळ एका दिवसाची आहे.

२६/
लसीचा इतिहासही आपल्या पिढ्यांची विभागणी करतो. ‘ब’ काविळीची लस जगात १९८० च्या दशकाच्या आरंभी आली. भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात ती २००२ मध्ये प्रायोगिक रूपात आली, २००७-०८ मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांत पोहोचली आणि २०११ मध्ये देशभर. म्हणजे आज जे नोकरी शोधतात, लग्न करतात, पहिले रक्तदान करतात, त्यांपैकी अनेक जण लसीच्या आधीच्या पिढीतले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात २ कोटी ९८ लाख लोकांना हा संसर्ग होता. त्यांतील बहुसंख्यांना ते ठाऊकच नाही.

२७/
२८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याअंतर्गत तपासणी आणि औषधे मोफत आहेत. विषाणूभाराचा नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागू शकतो, पण खर्चाच्या भीतीने तपासणी टाळण्याआधी जिल्हा रुग्णालयात चौकशी अवश्य करावी. गोव्यात तयार होणाऱ्या ‘ट्रूनॅट’सारख्या छोट्या यंत्रांमुळे हे मोजमाप आता महानगरातील प्रयोगशाळांपुरते उरलेले नाही. एकेकाळी ज्यासाठी चिंपांझी लागत, ते आज टेबलावर मावणाऱ्या यंत्रात होते.

२८/२८
‘आहे की नाही’ एवढ्याच उत्तराने आपल्याकडे दोन अनर्थ केले. कोणी लक्षणे नाहीत म्हणून अहवाल कपाटात ठेवला आणि पोटात पाणी झाल्यावर तो बाहेर काढला. कोणाचे जमलेले लग्न मोडले, ताट-वाटी वेगळी झाली. हा विषाणू एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने वा खोकल्याने पसरत नाही. रक्त, असुरक्षित संबंध, सुई, वस्तरा आणि प्रसूती या त्याच्या वाटा. घरातील इतरांनी तपासणी करून लस घेतली की त्यांचे भय संपते. ज्याच्या अहवालात आकडा आला आहे, त्याने दर काही महिन्यांनी तो पुन्हा पाहावा आणि शंका येईल तेथे डॉक्टरांना विचारावे. आपल्या ओळखीत असा अहवाल कपाटात ठेवलेले कोणी असेल, तर हा धागा त्याच्यापर्यंत पोहोचवावा.